खव्याच्या फ्रीजरमध्ये ठेवलेलं रक्त

किडनी बदलून आलेल्या बाईला भेटायला येणारी माणसं तिच्या तोंडाकडं बघत नाहीत, पोटाकडं बघतात. मग पदर सावरून, आवाज खाली आणून विचारतात, "बसली का नीट?" मी म्हणते, बसली. लगेच दुसरा प्रश्न, "आन् त्यांची तब्येत कशी हाय?" म्हणजे माझ्या नवऱ्याची. ते बाहेर ओसरीत चहा पीत बसलेले असतात आणि ही माणसं त्यांच्या पुढ्यातूनच आत आलेली असतात. सुरुवातीला मी नीट उत्तरं द्यायची. आता म्हणते, बाहेरच बसलेत, विचारा जाऊन.

मी मंगल. राहणार ईट, तालुका भूम. आमच्या घरची खव्याची भट्टी आहे. सकाळी गावातलं दूध येतं, ते मी मोजून घेते, मशीनवर फॅट तपासते. दीर बालाजी आणि दोन माणसं ते कढईत आटवतात आणि संध्याकाळच्या गाडीनं खवा पुण्याला जातो. आमच्या घरात सगळ्यात मोठं पाप एकच, ते म्हणजे दूध नासू देणं. हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझ्या पोटात उजव्या बाजूला, खालच्या अंगाला जी किडनी आहे ती माझ्या नवऱ्याची. ती टिकते की जाते, या एका काळजीत आमचं घर दोन वर्षं जगलंय. ज्यांना डॉक्टरनं नुकतंच 'बदलावी लागेल' असं सांगितलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि चिडूनच लिहितेय. शांतपणे लिहिलेली पुस्तिका हॉस्पिटलनं मलाही दिली होती. त्यात 'कुटुंबीयांनी सहकार्य करावे' असं एक वाक्य होतं. ज्यानं ते लिहिलं त्याला कुटुंब नसावं.

जोडवी

सुरुवात पायांपासून झाली. पाय सुजायचे, मला वाटायचं दिवसभर उभं राहून सुजतात. घरातल्या सगळ्यांनाही तसंच वाटायचं, कारण ते सोयीचं होतं. एके दिवशी जोडवी बोटांत रुतून बसली, निघता निघेनात. साबण लावला, तेल लावलं. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, कमरेवर हात ठेवून समोर उभ्या. "कापायची न्हाईत. सवाष्णीची जोडवी कुणी कापत असतंय व्हय?" बोटं निळी पडायला लागली तेव्हा ह्यांनी मला गाडीवर बसवलं आणि सोनाराकडं नेऊन जोडवी कापून आणली. आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्यानंतर बार्शीच्या डॉक्टरकडं. रक्त दिलं, लघवी दिली, दुपारभर बाकावर बसलो. डॉक्टरनं कागद वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "बरोबर कोण आलंय?" मी म्हटलं, मीच आलेय, मला सांगा. तर म्हणाले, "नाही, मिस्टरांना बोलवा." दुखणं माझं, किडन्या माझ्या, आणि सांगायचं बरोबर आलेल्याला! हे आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला सगळं कळलं. ते म्हणाले, "काय न्हाय, जरा औषध चालू करायचंय." त्यांना खोटं बोलता येत नाही, आधीही कधी आलं नाही. मी तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडले. ज्यांना संकोच वाटत असेल त्यांना सांगते, रडून घ्या. दवाखान्याचा बाक त्यासाठीच असतो.

सुनेसाठी लेकाला कापायचं

मग डायलिसिस. आठवड्यातनं तीनदा बार्शी. सुईची भीती पहिल्या महिन्यात गेली, कंटाळा कधीच गेला नाही. पाणी मोजून प्यायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन पेले पाणी म्हणजे काय असतं ते मी सांगत बसत नाही. स्वप्नात मला विहीर दिसायची आणि मी काठावर बसून कुणाची तरी परवानगी मागत असायची.

किडनी देणार कोण, हा प्रश्न आला. माझ्या आईला साखर. भाऊ तयार झाला, पण रक्तगट जुळेना. मग एक दिवस हे जेवताना म्हणाले, "माझी तपासून बघू." आत्यांच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"येडा झालास का दत्ता? सुनेसाठी लेकाला कापायचं?"

हे म्हणाले, "मला कापायचंय, तुला न्हाय. वाढ."

घरात महिनाभर धुसफूस चालली. आत्या माझ्याशी वाईट बोलल्या नाहीत, हे खरं सांगायला पाहिजे. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. देवघरात मात्र इतक्या मोठ्यानं बोलायच्या की मला स्वयंपाकघरात नीट ऐकू यावं. "आई, माझ्या लेकाला सांभाळ." नवरा-बायकोचं असलं तरी पुण्यात अवयव द्यायला परवानगी देणाऱ्या समितीसमोर जावं लागतं. तिथं ह्यांना विचारलं, कुणी जबरदस्ती केलीय का? हे म्हणाले, "जबरदस्ती केली असती तर आलोच नसतो." साहेब हसले आणि सही झाली.

ऑपरेशनच्या आधी तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला एक गोष्ट सांगितली, ती कुणी सांगत नाही म्हणून इथं सांगते. त्या म्हणाल्या, "तुम्हाला दोन मुलं आहेत. बाळंतपणात तुमच्या शरीराची तुमच्या मिस्टरांशी ओळख झालीय. मूल निम्मं त्यांचं असतं ना? काही वेळा शरीर ती ओळख लक्षात ठेवतं आणि पुढं त्यांचाच अवयव आला की भांडायला उठतं. आत्ता तपासणीत तसं काही दिसत नाही. पण आपण तुमच्यावर जास्त लक्ष ठेवायचं." मला हसूच आलं. अठरा वर्षं संसार केला, कधी तोंड वर करून भांडले नाही, आणि माझं रक्त म्हणे मनात धरून बसलेलं असू शकतं.

राखण

ऑपरेशन झालं. किडनी टेबलावरच कामाला लागली असं सांगितलं. शुद्धीवर आले तेव्हा लघवीची पिशवी भरत होती आणि नर्स इतकी खूश होती की तिनं ती मला वर धरून दाखवली. माझ्या आयुष्यात कुणी माझ्या कुठल्या कामाचं एवढं कौतुक केलेलं नाही.

तीन महिने पुण्यात खोली घेऊन राहिलो, मग घरी आलो. आता नियम उलटा, पाणी भरपूर प्यायचं. आत्यांनी हा नियम ऐकला आणि त्यांना काम मिळालं. स्टीलचा एक तांब्या माझ्यासाठी वेगळा झाला. तो भरायचा, माझ्यासमोर आणून ठेवायचा आणि मी संपवेपर्यंत उभं राहायचं. "पी. माझ्या लेकाची हाय ती. कोरडी पडू देऊ नगं." दूध घेत असले तरी तांब्या. फोनवर असले तरी तांब्या. न्हाणीतनं बाहेर आले की दारात तांब्या. मी भट्टीजवळ गेले की, "तिकडं धग हाय, माझ्या लेकाची किडनी तापंल." मी खोकले की, "दत्ता, हिला दवाखान्यात ने, आत काय तर झालं आसंल." आत म्हणजे कुठं, तर जिथं त्यांचा लेक आहे तिथं. मी म्हणजे नुसतं पोतं, ज्यात ठेव ठेवलीय.

त्यांची मुलगी, माझी नणंद, मुरुमला दिलीय. ती सारखी बोलवायची, माय, चार दिवस राहायला ये. आत्यांचं एकच उत्तर, "हितं राखण कोण करील?" ऑपरेशन झाल्यापासून त्या एकदाही मुरुमला राहिल्या नाहीत. मी देवाला हात जोडून म्हणायची, जाऊ दे रे त्यांना चार दिवस. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालेलं मला.

गावाचं काय सांगू! शरीरानं नवी किडनी परकी म्हणून मारू नये यासाठी जन्मभर गोळ्या घ्यायच्या असतात, आणि त्या गोळ्यांनी अंगातली रोगाशी लढणारी ताकद गप्प बसते, म्हणून गर्दी टाळायची, तोंडाला मास्क लावायचा, बाहेरचं कच्चं खायचं नाही. हे मी किमान दोनशे वेळा सांगितलं असेल. तरी प्रत्येकजण हातात काहीतरी घेऊन येतो. कुणी काढा, कुणी झाडपाल्याची पुडी, कुणी भंडाऱ्याचा उघड्यावरचा प्रसाद. नाही म्हटलं की, "प्रसादानं कधी कुणाला काय झालंय व्हय?" एकानं तर मास्क खाली ओढून दाखव म्हटलं, तोंड बघायचंय. आणि शिंकला.

कॅनमधलं कुणाचं किती

किडनी नीट चाललीय का हे बघायला क्रिएटिनिन नावाची तपासणी असते. ती गावातल्या लॅबवाल्यांना पण माहितीय. पण मॅडमनी सांगितलं की क्रिएटिनिन वाढतं तोवर किडनीला बराच मार बसून गेलेला असतो. म्हणून माझ्यासारख्यांसाठी त्या अधूनमधून आणखी एक तपासणी करायच्या. मला ती लगेच समजली, कारण ती माझ्या धंद्यातली होती. रोज दूध घेताना मी हेच करते. म्हशीच्या दुधात गाईचं मिसळून आणलं तर कॅनकडं बघून कळत नाही, पण जरासं दूध मशीनला लावलं की कळतं. ही तपासणी तशीच. किडनीच्या पेशी झिजतात, नव्या येतात, हे रोजचं असतं. झिजताना त्यांचे बारीक तुकडे रक्तात पडतात आणि ते कुणाचे आहेत हे ओळखता येतं. माझ्या रक्तात बहुतेक तुकडे माझे, थोडेसे ह्यांचे. ह्यांचे वाढले तर समजायचं, आतल्या आत किडनीला मार बसतोय, मी कितीही ठणठणीत दिसत असले तरी.

आत्यांना हे सांगून चूक केली. त्या प्रत्येक वेळी विचारायला लागल्या, "किती आला माझा लेक?" कमी आला की त्यांना वाईट वाटायचं. मी सांगून सांगून थकले की कमी तेच चांगलं. त्यांना ते पटायचं नाही.

पहिल्या वर्षी आकडा कमीच राहिला. दुसऱ्या वर्षी चैत्रात, ऐन लग्नसराईत, नेहमीच्या रक्तात मॅडमना काहीतरी खटकलं. क्रिएटिनिन जिथल्या तिथं होतं. पण शरीरानं ती जुनी ओळख काढल्याची बारीकशी खूण रक्तात दिसत होती. त्या फोनवर म्हणाल्या, "घाबरू नका. पण ती तपासणी आत्ता लगेच करायची. उशीर नको. रक्त तिथंच काढा आणि पाठवा."

घरात कुणी घाबरायला तयार नव्हतं. बालाजी भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमी तर आमच्यापेक्षा ठणठणीत दिसायलाव की. हे पुण्याचे डॉक्टर लई भेव घालतेत." हे म्हणाले, "बघू." लग्नसराईत खव्याला इतकी मागणी असते की भट्टी विझतच नाही, पुण्याला जायला कुणाला सवड नव्हती. मी रात्री झोपायची नाही. पोटावर हात ठेवून पडायची आणि माझ्याच अंगाला समजावायची, बाई गं, भांडू नकोस. त्या माणसानं खरंच काही केलेलं नाही.

फ्रीजर

हॉस्पिटलनं एक पुठ्ठ्याचा डबा पाठवला. त्यात खास बाटल्या. सूचना साधी होती, रक्त काढल्यावर डबा घरातल्या सावलीत ठेवायचा, ऊन नको आणि बर्फ तर अजिबात नको. त्या बाटल्यांत असं औषध असतं की रक्त नुसत्या सावलीत चार दिवस टिकतं, पण गोठलं की संपलं. मी हे ह्यांना सांगितलं. भाऊजींना सांगितलं. गाडीच्या ड्रायव्हरला सांगितलं, कारण डबा आमच्याच खव्याच्या गाडीनं जाणार होता. भाऊजींनी तर त्याला दम भरला, "डबा तुझ्यापाशी केबिनमधी ठिव. मागं खव्यात ठिवलास तर बघ." आत्यांना सांगायचं मात्र कुणाला सुचलं नाही. आमच्या घरात नियम सांगायचं काम त्यांचं, त्यांना नियम कोण सांगणार?

सकाळी लॅबवाल्यानं घरी येऊन रक्त काढलं. डबा मधल्या खोलीत फळीवर ठेवला. मी गोळी घेऊन आडवी झाले. संध्याकाळी गाडी गेली, डबा केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी, अगदी नवरदेवासारखा.

मग वाट बघणं. या आजारात दुखण्यापेक्षा वाट बघणं जास्त असतं, त्याची तयारी ठेवा. पाचव्या की सहाव्या दिवशी फोन आला. लॅबमधली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या नमुन्यावर तपासणी होऊ शकत नाही. रक्त गोठून वितळलंय, पेशी फुटल्यात. फ्रीजरमध्ये ठेवलं होतं का?"

मी भाऊजींवर ओरडले. भाऊजी ड्रायव्हरवर ओरडले. ड्रायव्हरनं पोरांची शपथ घेतली. हे मध्ये पडले तर मी त्यांच्यावर ओरडले. सगळी भट्टी काम सोडून बघत होती, कढईत दूध लागायला आलं होतं. तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज आला.

"म्या ठिवलं हुतं."

सगळे वळले. त्या हातात तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"दुपारी तसंच फळीवर पडलं हुतं. आंगाची लाही लाही करणारा उकाडा. म्या म्हणलं, नासल की. माझ्या लेकाचं रगत हाय त्यात. खव्याच्या फ्रीजरमधी ठिवलं अन् गाडी जायच्या टायमाला काढून परत डब्यात घातलं. पुसून घातलं चांगलं."

बघा, आता काय बोलणार! आमच्या घरात जन्मभर हेच शिकवलंय. दुधाचं पातेलं उघड्यावर दिसलं की कुणी विचारत नाही कुणाचं आहे, आधी गार करतं. कुठल्याही शहरातल्या बाईनं त्या डब्याला हात लावला नसता. तिच्या घरात एवढा मोठा फ्रीजरच नसता. पण मला तेव्हा हे काही सुचलं नाही. मी म्हणाले, "आत्या, दोन वर्षं राखण केलीत ना? तुमच्या लेकाची किडनी गेली तर ती तुम्ही घालवली असं मी गावभर सांगेन."

हे म्हणाले, "मंगल." एवढंच.

आत्यांनी तांब्या खाली ठेवला आणि आत गेल्या. मी बोलले ते चूक की बरोबर, अजून माझं मला ठरवता येत नाही. भीती पोटात होती, ती तोंडातनं बाहेर आली.

पुणं

मॅडम फोनवर एकदा "अरे देवा" म्हणाल्या, मग म्हणाल्या, "आता काही पाठवू नका. स्वतः या." दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मी, हे आणि आत्या. आत्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या पिशवी घेऊन गाडीत येऊन बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. ह्यांनी रेडिओ लावला, बंद केला, परत लावला.

रक्त काढलं. काढणाऱ्या पोरीनं बाटल्या डब्यात ठेवल्या तशा आत्या पुढं झाल्या. "बर्फ न्हाय ना गं लावत?" ती म्हणाली, नाही आजी. "ऊन?" नाही आजी. "मग ठीक हाय." त्या डब्यामागं दारापर्यंत गेल्या आणि डबा आत जाईस्तोवर उभ्या राहिल्या. बाकावरच्या एका बाईनं त्यांना विचारलं, ही तुमची कोण? आत्या म्हणाल्या, "सून हाय. माझ्या लेकाची किडनी हाय तिच्यात." मी डोळे मिटून घेतले.

आकडा आला. असायला हवा त्याच्या कितीतरी पट जास्त. क्रिएटिनिन अजूनही चांगलंच होतं, अंगावर सूज नव्हती, ताप नव्हता, मी दोन भाकऱ्या खाऊन आले होते. मॅडम म्हणाल्या, "काहीतरी चाललंय एवढं रक्त सांगतं. काय चाललंय ते बघायला किडनीचा बारीक तुकडा काढावा लागेल." तो काढला. पाठीत नाही, पोटातनंच सुई घालतात, कारण ही किडनी पुढं असते. दुखतं. नाही दुखत असं सांगतात, पण दुखतं. नंतर पोटावर वाळूची पिशवी ठेवून सरळ पडायचं. हे उशाशी बसले होते. मी म्हटलं, "गेली तर?" ते म्हणाले, "गेली तर गेली. तू ऱ्हा." लग्नाला वीस वर्षं व्हायला आली, माझ्याशी बोललेलं हे त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

भांडण सुरू झालं होतं, तेच निघालं. पण सुरुवातीलाच सापडलं होतं. मॅडमनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं, औषधांच्या बाटल्या चढवायच्या, रक्तातली ती भांडखोर खूण धुऊन काढायची, गोळ्या वाढवायच्या. आत्या मध्येच म्हणाल्या, "म्या गोठवलं रगत, म्हणून झालं का हे?"

"नाही आजी. हे आधीच सुरू झालं होतं. तुमच्यामुळं थोडा उशीर झाला, तो झाला नसता तर बरं होतं. पण तुमच्यामुळं झालेलं नाही."

"म्हंजी हिचं आंगच माझ्या लेकाला मारायलंय?"

एवढं ऐकायचंच राहिलं होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या दमलेल्या होत्या, बाहेर पेशंटांची रांग होती, म्हणून असेल, पण त्या जरा वैतागूनच बोलल्या. "आजी, तुमच्या लेकानं किडनी दिली त्या दिवशी त्याचं काम संपलं. तो तिला आता काही देत नाही. दोन वर्षं ती किडनी जगलीय ती हिच्या रक्तावर. ही खाते ते तिला मिळतं, ही पाणी पिते ते तिला मिळतं. गोळ्या ही गिळते, सुया हिला टोचतात. सारखं लेकाची, लेकाची काय करता?"

हे जमिनीकडं बघत होते. आत्यांनी पदर डोक्यावरनं पुढं ओढला आणि विचारलं, "बाटल्या कवा लावणार?"

मुरुमचा फोन

तो पंधरवडा फार वाईट गेला. त्या औषधांनी तोंड सुजतं, झोप उडते, राग येतो. राग मला आधीच होता, तो दुप्पट झाला. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक मोबाईलवर मोठ्यानं बोलायचे, त्यांना मी दोनदा हाकललं. रोज सकाळी रक्त, रोज दुपारी आकड्याची वाट. घाबरून घाबरून माणूस किती घाबरणार? शेवटी मी आकडा विचारायचंच सोडलं. मग एके दिवशी मॅडम स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "उतरतोय."

किडनीला थोडा मार बसलाय, तो भरून येणार नाही. पण ती चाललीय. पुढंही लक्ष ठेवायचं, रक्त द्यायचं, आकडा बघायचा. बरं झाल्यावर हे सगळं संपतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. संपत नाही. पण दुखणं आपल्या आधी ओळखणारी ही तपासणी निघालीय हे चांगलंच झालं. मला काही कळत नव्हतं, घरच्यांना कळत नव्हतं, आरशात दिसत नव्हतं. डोळ्यांना दिसलं असतं तोवर उशीर झाला असता. 'तू तर ठणठणीत दिसतेस' असं कुणी म्हणालं तर त्याला चहा द्या आणि रक्त द्यायला जा.

घरी आल्यावर फ्रीजरच्या दारावर भाऊजींनी खडूनं लिहिलं, 'फक्त खवा'. आत्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी विचारून घेतलं काय लिहिलंय. माझ्याशी त्या बोलायला लागल्या, पण कामापुरतं. माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागितली नाही. आमच्यात ती पद्धत नाही.

मग गेल्या आठवड्यात, सकाळी दूध घेताना बघते तर आत्या नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात. मी विचारलं, "कुठं निघालात?"

"मुरुमला. चार दिवस ऱ्हाते. पोरगी लई दिस म्हणायलीय."

भाऊजींनी त्यांना बसस्टँडला सोडलं. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी देवाला हात जोडत होते ते झालं होतं. घर शांत. मी मशीन लावलं, दूध घेतलं, लोकांची फॅटवरनं नेहमीची भांडणं झाली, कॅन आत गेले. मशीन पुसून हिशोबाला बसले तेव्हा लक्षात आलं की दुपार झालीय आणि गोळ्यांबरोबरचा घोट सोडला तर सकाळपासून माझ्या पोटात थेंबभर पाणी गेलेलं नाही. समोर कुणी उभंच नव्हतं. तांब्या कुठं ठेवतात तेसुद्धा मला माहीत नव्हतं, मांडणी धुंडाळली तेव्हा सापडला. मला इतका राग आला! दोन वर्षं डोक्यावर उभ्या राहिल्या आणि आता सांगून पण गेल्या नाहीत, पाणी पी म्हणून.

तांब्या संपवला आणि मुरुमला फोन लावला. मागं भांडी वाजत होती, नणंदेची पोरं ओरडत होती.

"आत्या, पोचलात का?"

"पोचले."

"पाणी प्यायले मी. एक तांब्या."

पलीकडनं नेहमीचा, तोडून टाकणारा आवाज आला. "मला कशाला सांगायलीस? तुझी हाय ती. तू बघ."

आणि फोन ठेवला. बाहेर भाऊजी विचारत होते, वहिनी, उद्याच्या दुधाचं काय सांगू? मी म्हटलं, थांबा जरा. आणि दुसरा तांब्या भरून घेतला.